राखीव गडी म्हणून देव

खो-खोच्या सामन्यात मी एकदा विरुद्ध संघाच्या रांगेत जाऊन बसलो होतो. नुसता बसलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण बसलो तो अगदी नियमाप्रमाणे, उकिडवा, हाताची बोटं जमिनीला टेकून, मान वर करून. आणि शेजारून त्यांचाच गडी धावत गेला तेव्हा त्याच्यावर खेकसलो, "अरे, खो दे ना मेल्या!" सामना राजापूरला होता, राजापूरच्याच एका शाळेशी. मैदानाभोवती जमलेली माणसं एवढी हसली की पंचाला शिट्टी वाजवून खेळ थांबवावा लागला. ज्यांना खो-खो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक संघ रांगेत बसतो आणि पाठलाग करतो, दुसरा पळतो. आम्ही पळणारे होतो. मी नुकताच बाद झालो होतो आणि मुकाट मैदानाबाहेर आमच्या मास्तरांजवळ जाऊन उभं राहायचं एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं. तेवढंही मला जमलं नाही.

हे सगळं मला माझ्या मित्राने, युसुफने, परतीच्या एसटीत सांगितलं. माझ्या स्वतःच्या डोक्यात त्या वेळेचं काहीही नाही. तिथे नुसती एक पांढरी जागा आहे, भिंतीवरचं चित्र काढून नेल्यावर मागे राहते तशी. आठवतं ते एवढंच की मी मैदानाच्या टोकाच्या खांबाकडे जोरात निघालो होतो. त्या खांबाला वळसा घालून पळायचं आणि मागच्याला हुलकावणी द्यायची, ही माझी खासियत. मागे त्यांचा बंड्या तेरवणकर होता, उंच, काटकुळा, घाऱ्या डोळ्यांचा. मी एका बाजूने वळलो, तो दुसऱ्या बाजूने झेपावला, त्याचं डोकं माझ्या डोक्यावर आणि माझं डोकं खांबावर, असा तो प्रकार झाला म्हणे. धडक नक्की कशी झाली ते मला आठवत नाही. पण चूक त्याची होती हे मात्र स्वच्छ आठवतं.

भान आलं तेव्हा कानावर पडलेलं पहिलं वाक्य बंड्याचं होतं. मास्तर मला दंडाला धरून त्या रांगेतून उठवत होते आणि बंड्या कमरेवर हात ठेवून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होता, "ऱ्हाऊ दे ओ त्याला! शिंप्याचा पोर हाय, बसूनच काम करायची सवय त्याला!" सामन्याआधी आमच्या युसुफने आमच्या नव्या चड्ड्या दाखवत "ह्याच्या आबांनी शिवल्यात, अशी शिलाई मुंबईत पण मिळायची नाय" अशी फुशारकी मारली होती. बंड्याने ती तेवढ्यासाठी जपून ठेवली असावी. माणसं पुन्हा हसली. मला डोक्याचं दुखणं नंतर कळलं, बंड्याचं बोलणं आधी लागलं. खेळ संपायच्या आतच मी ठरवून टाकलं की उलट सामन्याला हे राजापूरकर रत्नागिरीला येतील तेव्हा ह्या घाऱ्याला असा टिपायचा, की त्याचं तोंड लाल मातीत रुतलं पाहिजे. तेव्हा मी पंधराएक वर्षांचा होतो. आज केस पांढरे व्हायला लागलेत आणि मी स्वतःला बऱ्यापैकी समजूतदार मानतो, तरी हे वाक्य लिहिताना माझा हात जरा जास्तच झरझर चालला, हे कबूल करायला हरकत नाही.

परत येताना घाटातल्या वळणांवर मला दोनदा ओकारी झाली. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. एसटी तेव्हा आमच्याकडे नवीच होती आणि एसटीत ओकणं हा प्रवासाचाच एक भाग समजला जाई. खिडकीशी कोणी बसायचं ते त्यावरूनच ठरायचं. मास्तरांनी माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. खोक नव्हती, रक्त नव्हतं, कानामागे एक टेंगूळ तेवढं आलं होतं. मास्तर मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा हिशेब सरळ होता. रक्त दिसलं तर दुखापत, नाहीतर नखरे. "दुखतंय काय रे?" त्यांनी विचारलं. आता ह्या प्रश्नाला मी "होय" म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मला एसटीतल्या त्या अवस्थेतसुद्धा दिसत होतं. मास्तरांनी मला संघातून काढून माझ्या जागी युसुफला घेतलं असतं. युसुफ माझा जिवलग मित्र, राखीव गडी म्हणून माझ्याशेजारी बसून मला चणे खाऊ घालणारा. पण माझा सूड त्याने घ्यावा एवढी मैत्री काही आमची नव्हती. मी म्हणालो, "नाय मास्तर, कुठं काय." आणि पुन्हा खिडकीबाहेर डोकं काढलं.

माझा मुलगा आता मला विचारतो, "बाबा, पण सांगितलं का नाही तुम्ही घरी?" त्याला वाटतं, आम्ही फार शूर होतो किंवा फार अडाणी होतो. त्याला कसं सांगू, की दोन्ही नव्हतो. आमच्या घरात डोकं हा विषयच काढायचा नसे. वाडीतले एक गृहस्थ माडावरून पडून डोक्यावर आपटले होते आणि तेव्हापासून दिवसभर पाणंदीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "पोस्टात काय आलंय काय?" असं विचारत. आईने त्यांच्यावरून एकच शिकवण घेतली होती: डोक्याला लागलं की माणूस गेला, आणि तो गेल्याची बातमी आधी सोयरिकी जुळवणाऱ्यांपर्यंत जाते. घरात माझी थोरली बहीण लग्नाची होती. मी सांगितलं असतं तर आईने माझी शाळा बंद केली असती, खेळ बंद केला असता, आणि ताईला बघायला येणाऱ्यांसमोर मला माळ्यावर ठेवलं असतं. ही कारणं सगळी खरी आहेत. पण ही सगळी एका पारड्यात घातली तरी दुसऱ्या पारड्यात एकटा बंड्या जड होता.

आमचं घर म्हणजे पुढे आबांचं दुकान आणि मागे आम्ही. ओटीवर शिवणयंत्र, त्याला लागून कापडाचा ढीग, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या यंत्राची खडखड. मी त्या आवाजात जन्मलो, त्या आवाजात अंगाई ऐकली असेन. दुपारी यंत्र थांबलं की आमच्या घरात कुणाला झोप लागत नसे, सगळे उठून बसत. त्या सामन्यानंतर मात्र तीच खडखड माझ्या कानामागच्या टेंगळात शिरून टाके घालायला लागली. आबा पायाने चक्र फिरवायला लागले की माझ्या दातांपर्यंत कळ जाई. मी पुस्तक घेऊन मागल्या दारी जाऊन बसे, तर तिथे उन्हाने डोळे फुटायची वेळ. अक्षरं मुंग्यांसारखी पानाच्या कडेकडे चालत निघत. आणि आई चुलीत बांगडा भाजायला घाली तेव्हा तर बघायलाच नको. ज्या वासाने मी आयुष्यभर पाणंदीतून धावत घरी आलो, त्या वासाने मी पाणंदीकडे धावत जायला लागलो.

"काय रे, बांगडा नको, सोलकढी नको, तुला झालांय काय?" आई विचारी.

"अभ्यास हाय," मी म्हणे. ह्या उत्तराने तिला खरं तर तिथल्या तिथे संशय यायला हवा होता.

पेज तेवढी जाई. उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ, आणि तोंडी लावायला लोणच्याची एक फोड. मी ती भिंतीकडे तोंड करून पिई, कारण कंदिलाचा उजेडही सोसत नसे. आबा एकदा यंत्रावरून मान वर करून म्हणाले, "पोरगा साधू व्हायच्या बेतात दिसतोय." ते यंत्रावर वाकून बसलेले दिसले की बंड्याचं वाक्य कानात वाजे, "बसूनच काम करायची सवय". आणि मी मनातल्या मनात बंड्याला मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फरपटत नेई. डोकं दुखत असताना सुडाचा विचार फार छान सुचतो. माणूस दुसरं काही करूच शकत नाही.

सरावाला आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर जात असू. वाळूत पळून पाय घट्ट होतात अशी मास्तरांची श्रद्धा होती. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, माणसं नेणाऱ्या होडीतून, तरीतून, पलीकडे जावं लागे. त्या एवढ्याशा खाडीत, पाणी काचेसारखं शांत असताना, मी तरीच्या काठावरून ओकलो. तरीतली सगळी माणसं हसली. वल्ह्यावरचा तांडेल म्हणाला, "रत्नांग्रीचा पोर आणि तरीत ओकतोय? ह्याला घाटावर नेऊन सोडा रे!" मी ते ऐकून घेतलं. रत्नागिरीच्या पोराने खाडीत ओकणं ही नामुष्कीची परमावधी, पण ती मला खऱ्यापेक्षा स्वस्त वाटली. पलीकडे वाळूत मास्तरांनी दोन वासे रोवून खांब केले होते. मला चार दिसत होते. मी त्यातला एक निवडून वळसा घालायला गेलो आणि जिथे काहीच नव्हतं तिथे हात टेकून सपशेल पडलो. युसुफ धावत आला. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाला, "दिन्या, तुला बरां नाय. मी मास्तरांना सांगू?"

"सांगितलंस तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाय."

"अरे पण माझा फायदा म्हणून नाय सांगत मी. तू मरशील एखाद्या वेळेस."

"सामना झाल्यावर मरतो," मी म्हणालो. आम्ही दोघंही ह्यावर हसलो, पण युसुफ जरा कमी हसला.

त्या संध्याकाळी तरीतून परत येताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्याच्याने हे होणार नाही. बंड्या समोर आला तर मला दोन बंड्ये दिसणार आणि मी नक्की नसलेल्याला हात लावणार. राग एवढा मोठा आणि त्याच्यापुढे हे डोकं असं! मग मला ती कल्पना सुचली, जी धड डोक्याच्या माणसाला सुचली नसती. आमच्याकडे एखाद्याने तुमचं वाकडं केलं, आणि तुमचा हात त्याच्यापर्यंत पोचत नसला, की वाडीच्या देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत आहे. गुरव तुमच्या वतीने देवाला सगळं सांगतो आणि पुढचं देव बघतो. भाऊबंदकीत, बांधाच्या भांडणात, चोरीत, मोठी माणसं हेच करत. मी म्हटलं, मला पळवत नाही तर माझ्या जागी देव पळेल. युसुफच्या आधी मी देवालाच राखीव गडी म्हणून घेतलं.

माझी चूक एवढीच झाली की गाऱ्हाणं खाजगी असतं असं मी धरून चाललो. तोवर मी देवळात गेलो होतो तो प्रसादापुरता. मोठ्यांची गाऱ्हाणी चालत तेव्हा आम्ही पोरं बाहेर पारावर. माझी समजूत अशी की गुरव देवाच्या कानाशी लागून पुटपुटत असणार. सकाळी शाळेच्या वाटेने निघून मी आईच्या कोनाड्यातला नारळ पिशवीत घालून देवळात गेलो. बघतो तर वाडीतली सगळी मानकरी मंडळी सभामंडपात बसलेली. जत्रा जवळ आली होती आणि पालखीचं काहीतरी ठरत होतं. मी परत फिरणार तेवढ्यात सखाराम गुरवाने मला बघितलं. ह्या सखारामाचा आवाज असा की त्याने देवळात घंटा वाजवायची गरज नसे.

"काय रे दिनू, नारळ कसला?"

मी त्याच्याजवळ जाऊन कुजबुजलो, "गाऱ्हाणं घालायचंय. हळू."

"हळू?" सखाराम गरजला. "देव काय चोर हाय, हळू सांगायला? बस हितं. कुणावर?"

मग त्याने मला विचारायला सुरुवात केली. नाव काय, गाव कुठलं, काय केलान, कुठे लागलां, तेव्हापासून काय काय होतां. मी म्हटलं, एवढं कशाला, नुसतं बंड्याचा पाय मोडू दे म्हणा. तर म्हणाला, "तसा चालत नाय. देव दुसऱ्याचा पाय मोडायचा तर आधी तुझां काय मोडलां ते विचारणार. खोटा निघाला तर उलटतां." उलटायचं नाव काढल्यावर मी घाबरून दुखण्याचं सगळं सांगितलं. जे मास्तरांना सांगितलं नव्हतं, आईला नव्हतं, आबांना नव्हतं, ते सगळं. मानकरी मंडळी पालखी सोडून माझ्याभोवती सरकली. गाऱ्हाण्याला होकार भरायला माणसं लागतातच, ती आयती मिळाली. सखारामाने नारळ देवापुढे ठेवला, हात जोडले आणि सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आज ह्या तुझ्या लेकरानं, शिंप्यांच्या दिनूनं, तुझ्या पायाशी नारळ ठेवलान हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"राजापूरच्या तेरवणकरांच्या पोरानं ह्याच्या डोक्यात डोका घातलान, आणि ह्याला खांबावर आपटलान!"

"व्हय म्हाराजा!"

"तवापासनं ह्याला एकाची दोन माणसां दिसतत, पोटात अन्न ठरत नाय, उजेड सोसत नाय, आणि ह्यानं ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाय!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या शेवटच्या होकारात एक आवाज ओळखीचा होता. मी डोळे उघडून मागे पाहिलं. दारात आबा उभे होते. पालखीवर घालायचा नवा शिवलेला शेला घडी करून त्यांच्या हातांवर होता, तो द्यायला ते आले होते. देवळात पाऊल टाकताच गाऱ्हाणं चाललेलं ऐकून त्यांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांबरोबर होकार भरला होता, आणि मग कुणाचं गाऱ्हाणं ते त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचं तोंड "म्हाराजा" म्हणताना उघडलं होतं ते तसंच राहिलं. सखारामाला मागचं दिसत नव्हतं. तो बंड्याच्या उजव्या पायापर्यंत पोचला होता आणि रंगात आला होता.

आबांनी शेला एका मानकऱ्याच्या हातात दिला. मला उठवलं. मी मार खायच्या तयारीने मान खाली घातली, तर त्यांनी मला पाठुंगळी घेतलं. पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटू पाहणारा मी, आणि माझे पाय त्यांच्या पोटरीपर्यंत लोंबत होते. वाडीच्या मधल्या वाटेने ते मला तसेच थेट बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वाटेत एकदाच बोलले. "देवाला सांगितलंस. मला सांगितलं असतंस तर मी काय उलटलो असतो?" मी तोंड त्यांच्या खांद्यात लपवलं. त्यांच्या मानेला खडूचा आणि कापडाचा वास येत होता, आणि बऱ्याच दिवसांत तो पहिला वास होता ज्याने मला मळमळलं नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांत विजेरी मारली, बोट नाकासमोर फिरवलं, आणि निकाल दिला. अंधारात पडून राहायचं, वाचायचं नाही, पळायचं नाव काढायचं नाही. आणखी एक असाच दणका बसला असता तर मला त्यांच्याकडे आणावं लागलं नसतं, असंही ते आबांना बाजूला घेऊन म्हणाले. बाजूला घेतलं तरी मला ऐकू आलं. त्या दिवसांत मला सगळंच जास्त ऐकू येत होतं. घरी आल्यावर आबांनी पहिलं काम कोणतं केलं असेल तर यंत्र उचलून पलीकडच्या पडवीत, शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं. गिऱ्हाईकं घरी येऊन चकित होत आणि आई ओठांवर बोट ठेवून त्यांना पलीकडे पिटाळी. आमच्या घरात प्रथमच शांतता नांदली, आणि तिच्यात आईच्या रडण्याचा आवाज तेवढा होता. ती माझ्याजवळ बसून पेज भरवी आणि मधूनमधून विचारी, "दिनू, मी कोण सांग?" मी "आई" म्हटलं की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटे. एकदा गंमत म्हणून मी "पोस्टात काय आलंय काय?" असं विचारलं. ती चेष्टा मला फार महागात पडली.

उलट सामना आमच्याविना झाला. "आमच्या" म्हणजे माझ्या. मी अंधाऱ्या माजघरात पडून मैदानावरचा गोंगाट ऐकायचा प्रयत्न करत होतो आणि युसुफ माझ्या जागी बंड्याला टिपतोय ह्या कल्पनेने जळत होतो. संध्याकाळी युसुफ खिडकीशी आला.

"जिंकलो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात माझ्यासाठी जरा ओशाळेपणा होता.

"बंड्याला कुणी मारला?"

"बंड्या आलाच नाय रे. आजारी हाय म्हणं. ओकतोय, उठवत नाय त्याला. त्यांचा मास्तर सांगत होता, पोरगा अंथरुणाला लागलाय."

माझ्या आयुष्यात आनंदाचे प्रसंग आले. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. पण त्या खिडकीशी मला जसा आनंद झाला तसा पुन्हा झाला नाही. देव पळाला होता! मी अंथरुणात उठून बसलो, डोक्यातली कळसुद्धा मला ढोलासारखी वाटली. "पाय नाय तर पोट, चालेल," मी म्हणालो, "आता बसू दे म्हणावं बसून!" मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. आई दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला डोळ्यांवर ओलं फडकं बांधून देवळात नेलं. घातलेलं गाऱ्हाणं मागेही घेता येतं, पण ते ज्याने घातलं त्याच्याच तोंडून निघावं लागतं. "म्हण, मी सोडलां म्हणून," आई म्हणाली. मी डोळ्यांवरचं फडकं सारखं करत राहिलो. "म्हण मेल्या! तोपण कुणाचा तरी लेक हाय. त्याची आईपण बसली असेल उशाशी."

"आधी त्याने आबांची माफी मागू दे."

"कसली माफी?" आईने विचारलं. तेव्हा मी बंड्याचं ते वाक्य पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. मला वाटलं, आता तीही म्हणेल, मरू दे त्याला. पण ती म्हणाली, "एवढ्यासाठी तू डोका फुटला तरी गप्प बसलास? अरे, तुझ्या बापाला जन्मभर माणसां हेच बोलत आली. त्यांच्याच अंगावर ह्यांनी शिवलेले सदरे असतत." मग तिने माझा हात दाबला, इतका जोरात की मी बोललो. पण सगळं नाही सोडलं. मी म्हणालो, "त्याचा जीव राहू दे. बाकीचं मी बघून घेईन." सखारामाने इमानाने ते जसंच्या तसं देवाला ऐकवलं, "आणि बाकीचां हा पोर बघून घेईल, म्हाराजा!" आणि मंडपात बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी विचार न करता होकार भरला. म्हणजे माझा सूड त्या दिवशी रद्द झाला नाही, तो देवाकडून माझ्याकडे परत आला, चारचौघांच्या साक्षीने.

बंड्या बरा झाला असं कानावर आलं. मीही झालो, खो-खो मात्र संपला. पुढे नोकरी, बदल्या, संसार. दरम्यान बंड्याला भेटल्यावर काय बोलायचं ते मी इतक्या वेळा घासूनपुसून ठेवलं होतं, की आमच्या घरात भांडण झालं की त्यातलीच काही वाक्यं चुकून बायकोला ऐकावी लागत. आणि गेल्या उन्हाळ्यात मी आणि बायको हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला गेलो असताना, देवळाबाहेर कोकम सरबत पिताना, एका बाईंनी आपल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो तेरवणकर, छत्री विसरलात!" मी वळलो. टक्कल, ढेरी, पण डोळे घारे.

मी समोर जाऊन उभा राहिलो. "रत्नागिरी. खो-खो. शिंप्याचा पोर," मी म्हणालो. पाठ केलेल्यातलं एवढंच बाहेर आलं.

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचं तोंड लाल झालं. "तू? अरे, तूच काय तो! माझ्या डोक्यात डोकं घातलंस तू!"

"मी? तू घातलंस!"

"काय बोलतोस! माझ्याच बरोबरच्यांनी सांगितलं मला. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. सामना आठवत नाही, घरी कसा आलो ते आठवत नाही. पण चूक तुझी होती एवढं पक्कं आठवतं."

"आणि माझ्या बापाबद्दल बोललास ते?"

"काय बोललो?"

मी सांगितलं. तो खरंच आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून, सरबताचा पेला तसाच हातात. त्याला आठवेना. मला संशय आहे की तो नाटक करत होता, आणि हा संशय मी सोडायला तयार नाही. मग त्याने त्याची कथा सांगितली. त्यानेही घरी सांगितलं नव्हतं. रत्नागिरीला येऊन मला लोळवायचं म्हणून डोकं धरून, ओकत, दात खाऊन सराव करत राहिला, आणि शेवटी मैदानातच कोसळला. त्याच्या आईने त्यांच्या देवापुढे रत्नागिरीच्या शिंप्याच्या पोराची वाचा बसू दे म्हणून नारळ ठेवला होता, आणि तो तिने अखेरपर्यंत मागे घेतला नव्हता. "वाचा तर ठीक दिसतेय तुझी," तो जरा नाराजीने म्हणाला. मग आम्ही छत्रीच्या टोकाने मातीत मैदान काढलं, खांबाच्या जागी त्याच्या चपला ठेवल्या, आणि कोण कुठून आला, कुणाचं डोकं कुणावर गेलं, ह्यावरून इतके भांडलो की शेवटी दोघांच्या बायकांनी आम्हाला दोन बाजूंना ओढून नेलं. माफी कुणी मागितली नाही. मी तर नाहीच मागणार.

परतीच्या एसटीत ही खिडकीशी बसली होती. मी अजून धुमसत होतो आणि बंड्या कसा खोटं बोलत होता ते तिला पटवून देत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही देवाकडे त्याचा पाय मोडू दे म्हणून मागितलंत. त्याच्या आईने तुमची वाचा बसू दे म्हणून मागितलं. पण आपलं डोकं बरं होऊ दे, हे तुम्हा सगळ्यांत एकाच्याही तोंडातून आलं नाही?"